खंडेनवमीचा चंदेरी रंग

पहिल्या बाळंतपणासाठी मी निपाणीला माहेरी आले होते. आणीबाणी उठली त्या वर्षीचा दसरा नुकताच झाला होता. एके दिवशी सकाळपासून पोटातलं बाळ हललंच नाही. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "बेळगावला न्या, आत्ताच."

माझा थोरला भाऊ, अण्णा, भाड्याची गाडी चालवायचा. गाडी जुनी, पण लाड नव्या नवरीचे. खंडेनवमीला लोक गाडी धुऊन हार घालतात. आमच्या अण्णानं बॉनेटखालचे भाग सोडवून, चंदेरी रंग देऊन परत बसवले होते आणि प्रत्येकाला कुंकू लावलं होतं.

अण्णा मला आणि आईला घेऊन निघाला. बेळगावच्या वाटेवर वंटमुरीच्या घाटाअलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. त्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालायचा. किल्ली फिरवली की टकटक करायचा. अण्णानं किल्ली फिरवली. आवाज नाही. माझा एक हात पोटावर होता. तिथंही काही नाही.

"पंप गेला काय रं?" आईनं विचारलं.

"बघतो की. जरा दम धर."

त्यानं पंपाला पान्यानं ठोकून पाहिलं. मग दोन वायरी जोडलेला बल्ब काढला. एक टोक पंपाच्या वायरला, दुसरं गाडीच्या पत्र्याला लावलं. बल्ब लागला.

"करंट येतोय. म्हंजे पंपच मेलाय."

"अण्णा, तसलं बोलू नको," मी ओरडले. मला तो शब्द ऐकवला नाही.

आई रस्त्यात जाऊन एसटीला हात करू लागली. एसटी भरलेली होती, थांबली नाही. अण्णानं तोवर बल्बचं दुसरं टोक पत्र्यावरून काढून पंपाच्याच अंगाला टेकवलं. बल्ब लागला नाही. मग त्याला उमगलं. पंपातला करंट गाडीच्या पत्र्यात परत जायला हवा, तर मधे अण्णानंच दिलेले रंगाचे दोन हात बसलेले. घट्ट बोल्टांतून करंट जात होता, म्हणून इतके दिवस निभावलं. खड्ड्यांनी ते सैल झाले आणि संपलं.

"माझ्याच हातानं झालंय गं," तो म्हणाला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. एरवी मी हसून त्याला नको नको केलं असतं. तेव्हा वाटलं, याला मारावं.

त्यानं पंप सोडवला, कुंकवासकट रंग खरवडला, बोल्ट आवळले. टकटक सुरू झाली. पोटातून मात्र काही उत्तर आलं नाही.

बेळगावात नर्सनं नळी लावली. एका जागी, मग दुसऱ्या. अण्णा दारात उभा होता.

"ऐतरी," ती कानडीत म्हणाली. आहे.

अण्णा तिथंच फरशीवर बसला आणि नखातला चंदेरी रंग काढत रडू लागला.