अस्सल कोकणातले काजू

सुट्टीवरून परतलं की ऑफिसात सगळ्यांना गावाकडचा खाऊ वाटायचा, ही जपानी पद्धत आता माझ्या अंगवळणी पडली आहे. यंदा जपानमधल्या आमच्या तोयोसुच्या ऑफिसात मी मामाच्या वेंगुर्ल्याच्या कारखान्यातले काजू वाटले. "अस्सल कोकणातले हं!" प्रत्येकाला बजावलं.

टांझानियाचा सहकारी हसला. "स्वातंत्र्यानंतर आमच्याकडेही काजूचे कारखाने निघाले. बरेचसे बंद पडले. आता आमच्या बिया फोडायला तुमच्याकडे जातात."

मला रागच आला. घरी येऊन तावातावाने मामाला फोन लावला.

"खरंय त्याचं," मामा म्हणाला. "तिकडचा माल आला नाही, तर निम्मं वर्ष मला टाळं लावावं लागेल."

दुसऱ्या दिवशी उरलेलं पाकीट मी त्या सहकाऱ्यापुढे धरलं. हा कुठला खाऊ म्हणून सांगावं, तेच सुचेना.