चाळीस तासांचं हृदय

तिसरं अंडं फोडलं. त्यातही हृदय नव्हतं. बशीतल्या बलकावर फक्त एक फिकट रेघ.

माझ्या वहीप्रमाणे तेहतीस तास झाले होते. कोंबडीच्या गर्भाचं हृदय या सुमारास धडधडू लागतं. दुसऱ्या दिवशी अकराला युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात झूऑलॉजीची बी.एस्सी. सुरू करायची की नाही, हे ती ठरवणार होती. नाही म्हणाली, तर आमच्या मुलींना नागपूरला जावं लागणार. आणि बहुतेकींना घरून कोणी पाठवणार नव्हतं.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "बाई, भिंतीवर चार्ट लावा. जिवंत हृदयाचा हट्ट कशाला?"

"चार्ट त्यांनी सगळ्या कॉलेजांत पाहिलेत, सर."

इन्क्युबेटर आमच्याकडे नव्हता; अंडी उबवायला खुडूक, म्हणजे उबेला बसू पाहणारी, कोंबडीच हवी होती. आदल्या सकाळी आठला, कोंबड्या पाळणाऱ्या सकीनाबीच्या घरची बारा अंडी निवडून, "खुडूक कोंबडीखाली ठेव," असं तिला सांगून आले होते. तडक तिच्याकडे गेले.

"सकीनाबी, अंडी नासकी होती का गं?"

"माह्ये अंडे नासके? बाई, कोंबडी बसली काल दिवेलागणीले, सात वाजता! दिवसा बसवली त उठून पयते ना ते. तवरिक अंडे जवारीच्या मडक्यात होते. इतक्या शिकल्या, अन् हे नाही ठाऊक?"

म्हणजे मी फोडलेली अंडी बावीस तासांची होती. गर्भात खालच्या थरातल्या पेशी वरच्या काही पेशींना निरोप देतात: तुम्ही हृदय व्हा. तो निरोप कोणत्या रसायनाचा, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. निरोप मिळालेल्या पेशी दोन्ही बाजूंनी मध्ये सरकतात, जुळतात, त्यांची एक नळी होते. मग ती नळी धडधडते. बाविसाव्या तासाला त्या वाटेतच असतात. उद्या अकराला मात्र चाळीस तास भरत होते. मी वहीत दुरुस्ती केली.

सकाळी उरलेली नऊ अंडी गरम फडक्यात गुंडाळून आणली आणि अकराला बशांत फोडली. कमिटीचे अध्यक्ष भिंगावर वाकले ते उठेचनात.

"अहो, हे तर चालू आहे! इन्क्युबेटर कुठला तुमचा?"

"खुडूक कोंबडी, सर."

ते मोठ्यानं हसले आणि बाकीच्या दोघांना हाक मारली. नऊपैकी सात हृदयं धडधडत होती.

मान्यता मिळाली. पहिल्याच वर्गात पाच मुली बसल्या, आणि त्या पाचही पास झाल्या.

वेळ लिहायची ती काम करणाऱ्याला विचारून. आपण सांगितलं त्या वेळी काम झालं, असं धरू नये.