नाश्ता न आलेली सकाळ

मी नेमकं काय काम करते हे आमच्या घरी कुणाला नीट सांगता येत नसे. फणसवाडीतल्या शेजारणींना आई म्हणायची, "इस्पितळात असते." "नर्स आहे का?" असं त्यांनी विचारलं की ती विषय बदलायची. वडिलांच्या मते पदवी घेऊन, वर आहारशास्त्र शिकून मी शेवटी स्वयंपाकघरातच पोचले होते.

परळच्या इस्पितळातही मत फारसं वेगळं नव्हतं. डाएटिशियनची जागा नव्यानेच निघाली होती. माझं टेबल कोठीच्या खोलीत होतं. मोठे डॉक्टर मला 'किचनच्या बाई' म्हणत. कुणी बोलावल्याशिवाय मी वॉर्डात जात नसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एकदा बंद पुकारलेला होता, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच नर्सांच्या होस्टेलवर राहायला आले. सकाळी किचनमध्ये पाहिलं तर दूध-पावाची गाडी आलेली नव्हती. लालबागहून चालत आलेला आचारी म्हणाला, "रस्ताभर दगड पडलेत, बाई. आज काय येत नाय." मी ज्वारीचं पीठ काढून दिलं आणि भाकऱ्या करायला सांगितल्या. सगळ्या वॉर्डांना पुरवायचं म्हणजे वेळ लागणार होता.

पीठ काढून देतानाच माझ्या लक्षात आलं की मधुमेहाच्या पेशंटना नाश्त्याआधी इन्सुलिन टोचतात. मी तशीच वर वॉर्डात गेले. सिस्टरनी सुरुवात केलेली होती.

"थांबा. नाश्त्याला उशीर आहे. पोटात काही गेलं नाही तर हे लोक बेशुद्ध पडतील."

"डॉक्टरांची ऑर्डर आहे," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर आले की मी सांगते त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे खाली ठेवला. पण एका पेशंटला इंजेक्शन देऊन झालं होतं. करी रोडच्या चाळीत राहणारा गिरणी कामगार होता तो. थोड्या वेळात त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. मी साखरेचं पाणी करून आणलं. त्याने तोंड फिरवलं.

"साखर बंद आहे मला. तुम्हीच सांगितलंत."

"आज मीच सांगतेय, प्या."

तो माझ्याकडे संशयाने बघत राहिला. शेवटी सिस्टरनी मान धरली आणि मी पेला तोंडाला लावला. हळूहळू त्याचे हात स्थिर झाले. आपला शर्ट का भिजलाय, असं त्याने विचारलं; घाम फुटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

मोठे डॉक्टर दादरहून पायी आले.

"इंजेक्शनं कुणी थांबवली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायला कुणी नव्हतं. नाश्ताही नव्हता."

त्यांनी त्या कामगाराची नाडी पाहिली, सिस्टरना दोन प्रश्न विचारले. "भाकरी आली की इंजेक्शनं द्या," एवढंच म्हणून ते पुढे गेले. मला बरं वाटलं की नाही ते आठवत नाही. पाय मात्र दुखत होते.

त्या आठवड्यात त्यांनी मला राउंडला बोलावलं. सुरुवातीला मी सगळ्यांच्या मागे उभी राहायची. तो कामगार घरी जाताना त्याची बायको न्यायला आली. डॉक्टर तिला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "काय खायला घालायचं ते यांना विचारा." घरी काय शिजतं, हे मी तिला विचारलं. आम्ही दोघी खाटेवर बसून बराच वेळ बोललो.