नंदा मला उत्तर का विचारायची

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावजवळ मच्छेला होतो, एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये, घरचा पाण्याचा पंप दुरुस्त करून घ्यायला. फोन बायकोचा. निपाणीला, दुपारी ड्यूटीवरून घरी आली, खुर्चीत बसली आणि तिथंच... वय चौपन्न. विद्यार्थ्यानं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. मी उघड्या पंपाकडं बघत बसलो आणि डोक्यात एकच विचार घोळत राहिला. अशा वेळी तो यावा याची अजून लाज वाटते. जिला साधा भागाकार जमत नव्हता, ती पोरगी तीस वर्षं औषधांचे डोस कसे काढत होती, हे मी तिला कधी विचारलंच नाही. स्वतः गणिताचा शिक्षक असून नाही. आता कुणाला विचारणार?

नंदा माझी आतेबहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी. आत्या निपाणीजवळच्या खेड्यात शिवणकाम करायची. लहानपणी नंदाला टायफॉइड झाला आणि ती आठवडाभर दवाखान्यात होती. तिथली नर्स तिचं मनगट धरून घड्याळाकडं बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. ती बाई काय पुटपुटते, देवाचं नाव घेते की काय, याचं नंदाला इतकं कुतूहल की घरी आल्यावर शेजारपाजारच्या सगळ्यांची मनगटं धरून झाली. तेव्हापासून नर्स व्हायचं हे ठरलेलं. ती बाई आकडे मोजत होती हे आधी कळलं असतं तर कदाचित विचार बदलला असता, असं मी तिला चिडवायचो. कारण गणिताशी तिचा छत्तीसचा आकडा. दहावीला गणितात नापास झाली, तेव्हा आत्यानं तिला आमच्याकडं बेळगावात खासबागेत आणून सोडलं. मी नुकताच हायस्कुलात लागलो होतो, अंगात उत्साह मावत नव्हता. वर्षभर मी तिला घासलं. दुसऱ्या खेपेला पास झाली, मार्क नेमके छत्तीस. पुढं बारावी आर्ट्समधून केली. नर्सिंगला गणित लागत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि बेळगावात नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी तिनं गणिताचं पुस्तक रद्दीत टाकलं.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. लहान मुलांच्या वॉर्डात ड्यूटी होती. एका बाळाला अर्धा मिली इंजेक्शन द्यायचं होतं. कागदावर टिंब देऊन पाच लिहिलेलं. नंदाला टिंब दिसलंच नाही. तिनं सिरिंजमध्ये पाच मिली भरलं आणि सुई घेऊन ती पाळण्यापाशी गेली. तिथल्या मोठ्या सिस्टरनी वरूनच मनगट धरलं. ओरडल्या नाहीत, ‘नोडु’ एवढंच कन्नडमध्ये म्हणाल्या. म्हणजे बघ. आणि सिरिंज तिच्या डोळ्यांसमोर धरली.

“मी गावाकडं चाललो अण्णा,” ती म्हणाली. निपाणीकडच्या बायकाही कधीकधी असं पुरुषासारखं बोलतात, ती रडवेली झाली की हमखास. “लई हौस केली, पुरं झालं. आज त्या होत्या. उद्या नसतील. कुणाचं तरी प्वार मरंल माझ्या हातनं.”

मला काय सुचणार? मी वही काढली. दशांश चिन्ह, स्थान, भागाकार. चौतीस भागिले चार, असं सोपं उदाहरण घातलं. तिनं सात लिहिलं, खोडलं, नऊ लिहिलं, खोडलं, आणि वही मिटली. तेवढ्यात आई हातात टेप घेऊन आतून आली. तिला नवा झंपर बेतायचा होता आणि नंदा आयती सापडली होती. नंदानं डोळे पुसत उठून माप घेतलं. “मामी, छाती चौतीस. त्येचा पाव साडेआठ. दीड शिलाईला. धा इंच कापायचं.”

चौतीसला चारनं भागून तिनं उत्तर सांगितलं होतं, वर दीड मिळवलंही होतं, तेही हुंदका आवरत. मी वहीत साडेआठ शब्दांत लिहिलं आणि त्याच्याखाली आठ, टिंब, पाच. ती वाकून बघायला लागली. “हे टिंब-पाच म्हंजे साडे व्हय?” मग मी लिहीत गेलो आणि ती वाचत गेली. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आत्याच्या मशीनशेजारी बसून तिनं हे सगळं कधीच पाठ केलं होतं, फक्त शाळेतल्या आकड्यांशी त्याची ओळख कुणी करून दिली नव्हती. “शाळंत असं कुणी सांगितलंच न्हाय की,” ती म्हणाली. एक वर्ष तिला घासणारा मीही त्या ‘कुणी’त आलो, हे मी सोयीनं विसरलो.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात परत गेली. पास झाली, निपाणीच्या एका छोट्या हॉस्पिटलात लागली, तिथंच सिस्टर इन्चार्ज झाली. मी मात्र ही गोष्ट छाती फुगवून सांगत राहिलो. माझ्यामुळं एक नर्स घडली म्हणून.

आणि गोष्टीला पुरावाही होता. मोबाइल आल्यापासून तिचे फोन यायचे, महिन्यातून दोनतीनदा तरी. “अण्णा, एक गणित हाय.” मी सांगायचो, ती “बरं” म्हणायची आणि फोन ठेवायची. मी तिची थट्टा करायचो, “नंदे, केस पिकले, अजून भागाकार येत नाही?” ती हसून म्हणायची, “न्हाय येत रं.” स्टाफरूममध्ये हे मी रंगवून सांगायचो, सगळे हसायचे. पण ते हसणं ओसरल्यावर कधीतरी मनात पाल चुकचुकायची. महिन्यातली दोनतीन गणितं मला विचारते, मग बाकीची शेकडो कोण सोडवतं?

याचं उत्तर मला तिच्या दहाव्याला मिळालं. निपाणीच्या घरी तिच्या हाताखालची सविता नावाची नर्स आली होती. चिकोडीकडची, घरी कन्नड बोलणारी, पण मराठी स्वच्छ. माझी ओळख करून दिल्यावर ती एकदम म्हणाली, “फोनवरचे गणिताचे सर तुम्हीच का?”

मी म्हणालो, “हो. तिला जमायचं नाही ना...”

सविताला पटेना. “सिस्टरना जमत नव्हतं? सर, त्या उत्तर काढून मग तुम्हाला फोन करायच्या.”

मग तिनं सांगितलं. वॉर्डात कुठलाही डोस नंदा एकटीच्या भरवशावर देत नसे. आधी स्वतः काढायचा, कागद पालथा घालायचा, आणि दुसरीला विचारायचं, ‘तू सांग.’ आपलं उत्तर सांगायचं नाही. दोन्ही जुळली तरच सिरिंज भरायची. ही रीत तिनं आत्याकडून उचलली होती. नवं कापड कापण्याआधी आत्या मोजायची, मग नंदाला मोजायला लावायची, आणि आपला आकडा ओठांबाहेर काढायची नाही. कात्री एकदा लागली की कापड परत जोडता येत नाही, म्हणून. सवितासारख्या कन्नड मुलींना तिनं टिंबाऐवजी त्यांच्या भाषेतलं काल, अर्ध, मुक्काल, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, असं म्हणायला शिकवलं होतं. आणि ज्या पाळीत वॉर्डात दुसरी नर्स नसे, डॉक्टर ऑपरेशनमध्ये असत, त्या पाळीत ती दुसरी नर्स म्हणजे मी.

“एकदा तुमचं चुकलं होतं,” सविता अवघडून म्हणाली. “मी तेव्हा नवीन होते, त्यांनी फोन ठेवला तेवढ्यात ड्यूटीवर पोचले. दोन मिलीत ऐंशी मिलिग्रॅम, आणि बाळाला वीस पाहिजे होतं. तुम्ही पाव सांगितलं.”

मी तिथल्या तिथं मनात गणित केलं. ऐंशीतले वीस म्हणजे पाव, खरं आहे. पण बाटलीत एक नाही, दोन मिली होतं. उत्तर अर्धा. गणिताचा शिक्षक पहिल्या पायरीवर थांबला होता. त्या दिवशी मी बहुधा कुठंतरी गर्दीत उभा असेन, फुशारकीत फटकन बोलून मोकळा झालो असेन. आठवतसुद्धा नाही. त्या बाळाला अर्धंच औषध गेलं असतं.

“सिस्टरनी परत काढलं, मला काढायला लावलं, फार्मसीत विचारलं. तिघांचंही अर्धा. मी म्हटलं, सरांना सांगूया का? तर म्हणाल्या, ‘नगं गं. अण्णा घाईत असंल. चुकलो म्हणून कळलं तर भिऊन पुन्हा सांगायचा न्हाय.’”

आता आठवतं, मधल्या कुठल्यातरी वर्षापासून तिचा प्रश्न बदलला होता. गणिताच्या आधी ती विचारायला लागली होती, “अण्णा, बसलायस न्हवं? हातात पेन हाय?” मला ती माया वाटायची. मायाही असेलच... पण त्या वेळी तिच्यापुढं कुणाचं तरी मूल होतं, आणि मी भावाच्या नात्यानं कौतुक करून घेत होतो. ती शेवटपर्यंत भीत होती, आणि ती भीती मी गणिताची समजत आलो. सविताच्या समोर मला रडू आलं. मी ते येऊ दिलं.

गेल्या आठवड्यात दुपारी सविताचा फोन आला. वॉर्डात ती एकटी होती. “सर, एका मिलीत चाळीस. मला तीस पाहिजे. तुम्ही सांगा.” तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं. “थांब,” म्हटलं, चष्मा शोधला, टेबलाशी बसलो. कागदावर काढलं. उलट बाजूनं पडताळून पाहिलं. मग सांगितलं, “पाऊण.”

“बरं सर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. बरोबर की चूक ते सांगितलं नाही. तिला तसंच शिकवलेलं आहे. मी तिथंच बसून तेच गणित तिसऱ्यांदा केलं, आणि मग चौथ्यांदा. एकतीस वर्षं मी वर्गात उभा राहून उत्तरं दिली, पण दिलेलं उत्तर चुकलं तर काय होईल, ही भीती त्या दुपारी पहिल्यांदा वाटली. नंदाला ती रोज वाटत असणार, आणि तरीही ती रोज सिरिंज भरत होती.