लंगड्या कोठ्यातली ढेप

आणि पोत्यावर मंडळाचा शिक्का आहे म्हणून माणूस चोर होतो का? हे मी पंधरा दिवस विचारून राहिले आणि पंधरा दिवसांत एकीनंही सरळ उत्तर दिलं नाही. "शोभाताई, फोटो बघा ना." बघितला फोटो. सौसरचं एक किराणा दुकान, बाहेर पोती, त्यावर निळ्या शाईत आपल्या भजनी मंडळाचं नाव. मंडळाच्या विद्याताईंचा भाचा औषधं विकत फिरतो, तो तिथे चहाला थांबला आणि फोटो काढून मोकळा झाला. पोत्यात काय आहे, कुठून आलं, कुणाला विचारायचं सुचलं नाही त्याला. आणि इकडे टाळ खाली ठेवायच्या आत ठरून गेलं, की जनावरांसाठी पाठवलेली ढेप वसंतभाऊंनी दुकानात विकली. मदत बंद. पुढचं भजन सुरू.

नवीन वाचणाऱ्यांना सांगते. मी हडपसरला पोळी-भाजी केंद्र चालवते. शिक्षण चौथी. माहेर मध्य प्रदेशात, सौसरजवळच्या लोधीखेड्याचं, पण तिथे आता आमचं कुणी नाही. वसंतभाऊ म्हणजे पांढुर्णा आणि सौसरच्या मध्ये एका खेड्यात राहणारे, गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले ड्रेसर. आयुष्यभर जनावरांच्या जखमा बांधल्या, आता ते आणि त्यांच्या बायको निर्मलावहिनी टाकून दिलेली, लंगडी, आंधळी जनावरं सांभाळतात. आमचं मंडळ त्यांना दर महिन्याला काही ना काही पाठवतं. नियम असा, की रोख द्यायचं नाही, वस्तू द्यायची. या थंडीत भाऊंचा फोन मलाच आला होता. ते म्हणाले, ताई, बाकी काही नको, ढेप पाठवा. मी मंडळाच्या वहीत लिहिलं: ढेप, वीस. तेव्हा लग्नसराई होती, मला चारशे पोळ्यांची ऑर्डर होती. पुढचं विद्याताईंनी बघितलं. भाऊंचा मेसेजही आला, "ढेप पोचली. जनावरायनं आवडीनं खाल्ली." आणि मग हा फोटो.

मी म्हटलं, मी जाते आणि डोळ्यांनी बघून येते. घरी नवरा म्हणाला, "आणि पोळ्या कोण लाटणार?"

"तुम्ही."

चार दिवस केंद्र बंद ठेवलं त्यांनी. असो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पुण्याहून नागपूरची गाडी महिनाभर आधी बुक करा, माझ्यासारखं आयत्या वेळी निघालात तर दारापाशी पिशवीवर बसून जाल. नागपूरला उतरून इटारसीकडे जाणारी गाडी धरायची. काटोल गेलं, नरखेड गेलं, की सामान आवरा. खिडकीतून दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये वेचून संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. डब्यातल्या एका बाईनं मला न विचारता संत्रं सोलून हातात दिलं. "घ्या वो, मृग बहाराचं हाय, गोड हाय." मी पैसे द्यायला लागले तर म्हणाली, "पैसे देऊन राहिली? पुण्याची हाय का?" डबाभर हसले. मी म्हटलं, पुण्याची नाही, लोधीखेड्याची. मग तिनं अजून चार दिली.

पांढुर्णा आता जिल्हा झाला, पण स्टेशनाबाहेर तेच. आलूबोंडा, वर हिरवी चटणी, पत्रावळीत. दोन खाल्ले, तिसरा बांधून घेतला. पोहे मागाल तर तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, वेगळी सांगायची, न सांगता ओतत नाहीत. स्वच्छ लॉज बसस्टँडजवळ मिळतात, पाणी गरम आहे का ते आधी विचारा, "होते ना" म्हणाले तर नाहीये असं समजा. वेळ होता म्हणून जाम नदीवर गेले. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकांवर गोटे फेकतात. पुलावर एक म्हातारे उभे होते, त्यांना विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूचे? म्हणाले, "मी पांढुर्ण्याचा, सासरा सावरगावचा. त्या दिवशी मी घरी बसतो बाई." बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौसरची बस. कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "लंगड्या कोठ्यात जाऊन राहिल्या का?" म्हणजे कोठा लोकांना माहीत आहे. कोठा म्हणजे गोठा. वसंतभाऊंनी बोर्डावर दुसरं काही छान नाव लिहिलंय, पण तो बोर्ड कुणी वाचत नाही.

फाट्यावर उतरून पंधरा मिनिटं चालायचं. चप्पल मजबूत घाला. कोठ्याच्या तोंडाशीच तीन पायांचं कुत्रं भुंकत आलं आणि माझ्या पिशवीतल्या आलूबोंड्यापाशी थांबलं. मागून वसंतभाऊ, बनियनवर, हातात मलमाची डबी. "अवो शोभाताई! सांगून तर याचं ना!"

"सांगून आले असते तर तुम्ही आवरून ठेवलं असतं."

"आवराले काय हाय इथं?"

खरं बोलले. पत्र्याचं छप्पर, खाली बैल, गाई, दोन गाढवं, शेळ्या, मध्ये कुत्री झोपलेली. एका शिंगाचा मोठा बैल आहे, त्याचं नाव साहेब. सगळे उठून गव्हाणीवर गेले तरी साहेब बसून राहतो, आणि मग सावकाश येऊन सगळ्यांना बाजूला सारून खातो. एका आंधळ्या गाढवाच्या गळ्यात घंटी आहे. ती त्याच्यासाठी नाही, बाकीच्यांना कळावं म्हणून, की बाजूला व्हा.

मी पाणी प्यायले आणि लगेच विचारलं. मला मनात ठेवून जेवता येत नाही. "भाऊ, आम्ही पाठवलेली ढेप कुठे आहे?"

भाऊंचा चेहरा पडला. वहिनी मात्र उठल्या, मला कोपऱ्यातल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे पोती होती. उघडून दाखवलं. सरकीची ढेप. काळपट पिवळी, तेलाचा वास. कपाशीच्या बियांचं तेल काढलं की उरते ती, जनावरांना भिजवून घालतात, अंगात ताकद येते. माझ्या माहेरी हीच असायची.

मी बाहेर येऊन बसले आणि म्हटलं, "मग ही तर आहे! दुकानात काय विकलं?"

भाऊ जमिनीकडे बघून राहिले. वहिनींना हसू आवरेना. "सांगा ना जी आता! किती दिवस लाजता?" मग त्याच चुलीपाशी गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेली एक गुळाची भेली आणून माझ्या मांडीवर ठेवली. अख्खी.

"हे पाहा. हे तुमची ढेप."

मी भेलीकडे बघितलं. वहिनींकडे बघितलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमच्याकडे ढेप म्हणजे सरकीची. गुळाच्या गोळ्याला आम्ही भेली म्हणतो. आणि पुण्यात? पुण्यात ढेप म्हणजे गुळाची! दुसरं काही असतं हे विद्याताईंच्या स्वप्नातही येणार नाही. मी वहीत ढेप लिहिली, मंडळानं मार्केटयार्डातून पहिल्या प्रतीचा, वीस ढेपा गूळ घेतला, गोणपाटात शिवला, शिक्का मारला आणि गाडीनं पाठवला. लंगड्या बैलांना. आणि मग पंधरा दिवस आम्ही बायका ढेपेवरून भांडलो, त्या गुळाबद्दल बोलून राहिल्या, मी सरकीबद्दल, आणि एकीलाही कळलं नाही! विद्याताई म्हणायच्या, "एवढी महागाची ढेप जनावरांनी खाल्ली म्हणे!" मी म्हणायचे, "जनावरं नाही खाणार तर कोण खाणार?" त्यांना वाटलं मी उर्मट झाले.

मी भाऊंना म्हटलं, "अहो पण फोन करायचा ना! गूळ कशाला पाठवला म्हणून विचारायचं ना!"

"दानाले नाव कसं ठेवाव ताई? इतक्या दुरून, इतक्या मायेनं पाठवला. सौसरच्या शेटजीकडं किराणा बी हाय, पशुखाद्य बी हाय. भेल्या दिल्या, ढेप घेतली. पोत्यासंगट दिल्या. मी खोटं तर नाई ना लिहिलं? ढेप पोचली, जनावरायनं खाल्ली."

"एक भेली ठेवली आमी," वहिनी म्हणाल्या. "चहाले. ते बी सांगते, मागून कोणी काही म्हणाले नको."

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि मग हसू थांबलं, कारण मी विचारलं, की ही पोती संपली की पुढे काय.

भाऊंनी साहेबाच्या पाठीवर हात ठेवला. संत्र्याला भाव नाही, म्हणून पांढुर्ण्याचे बागवाले जे द्यायचे ते थांबलं. नागपूरचे एक डॉक्टर औषधं पाठवायचे, त्यांचंही आटलं. भाऊंची पेन्शन आधीच कोठ्यात जाते. कुत्र्यांचं भागतं, हॉटेलवाले उरलेलं देतात. प्रश्न मोठ्या जनावरांचा. उन्हाळ्यात रानात काडी नसते. हिरवा चारा पावसानंतर. तोपर्यंत ढेप आणि कुटार, म्हणजे तुरी-हरभऱ्याचा भुसा. कुटार गावचे शेतकरी देतात. ढेप कुणी देत नाही, ती महाग झाली.

"नाही मिळाली तर?"

"मग बैल वाटून टाका लागतीन."

"कोण घेतो लंगडा बैल?"

"घेणारे हायेत ताई. दर आठवड्याले एक गाडीवाला येऊन विचारून जाते. पण तो कायले घेते, ते मले माहीत हाय."

वहिनी उठून भाकरी करायला गेल्या. जेवण झुणका, भाकर, कांदा, आणि आपल्याच गुळाचा चहा. उत्तम गूळ आहे, विद्याताईंची पारख चांगली, हे मी कबूल करते. दुपारभर मी गव्हाणी झाडल्या, ढेप भिजवली. साहेबानं मला ढकललं. जायचं असेल तर जुने कपडे घेऊन जा, आणि जुनी चादरसुद्धा, जखमेवर पट्टीला लागते.

संध्याकाळी भाऊंनी फाट्यावर सोडलं. सौसरच्या वाटेत जामसावळीला झोपलेल्या मारुतीचं दर्शन घेतलं. गर्दी शनिवारी-मंगळवारी असते, मी गेले तेव्हा आरामात झालं.

सौसरला मुक्काम केला आणि सकाळी पहिलं काम, ते दुकान. शेटजी गल्ल्यावर. मी विचारलं, लंगड्या कोठ्यातून गूळ आला होता का? शेटजी खूश. "हो जी! काय माल होता! दोन दिवसात गेला. लोक विचारून राहिले, पुण्याची भेली पुन्हा कधी येते?"

"येणार नाही."

"का बाप्पा? मी बरोबरीनं ढेप देली ना. वरून एक पोतं जास्तीचं टाकलं. इचारा वसंतभाऊले."

भाऊंनी हे जास्तीचं पोतं मला सांगितलंच नव्हतं. शेटजीचं कौतुक होऊ नये म्हणून लपवलं, असं नाही. सांगायचं सुचलंच नसेल. शेटजीला मी म्हटलं, पुढच्या महिन्याची ढेप बाजूला ठेवाल का? ते म्हणाले, गुरुवारपर्यंत ठेवतो, नंतर गिऱ्हाईक आलं तर नाही म्हणता येणार नाही, सीझन आहे. सरळ माणूस.

तिथून बसनं बोरगाव, सावनेर करत नागपूर, आणि परत पुणे. संत्राबर्फी घेतली होती, ती गाडीतच संपली. मागू नका.

आता घरी आहे. लाटणं हातात घेतलं तरी डोळ्यासमोर तो साहेब येतो, आपला हक्काचा घास असल्यासारखा सावकाश चालत. त्याला माहीत नाही ना, की त्याचा घास एका भजनी मंडळाच्या ठरावावर अडकला आहे.

चूक अर्धी माझी. वहीत नुसतं ढेप लिहिलं, सरकीची लिहायला काय झालं होतं? अर्धी तुमची, की मला विचारलं नाही. पण वसंतभाऊंची काडीची नाही. महागाई आहे, मला कळतं, माझ्याही केंद्रात गिऱ्हाईक कमी झालंय, तेलाचा डबा घेताना हात थांबतो. मंडळाला झेपत नसेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण बोलणार नाही. फक्त चोरीचं कारण पुढे करू नका.

तर विद्याताई, आणि मंडळातल्या सगळ्या जणी, आणि हे वाचणारे ज्यांना एखादं पोतं झेपेल ते सगळे: पाऊस पडून चारा येईपर्यंत दर महिन्याला सरकीची ढेप देणार की नाही? गोल गोल नको, "बघू" नको, "सगळ्यांशी बोलून सांगते" नको. शेटजी गुरुवारपर्यंत थांबणार आहे. मला बुधवारी संध्याकाळी, भजन सुरू व्हायच्या आधी, होय किंवा नाही पाहिजे. आणि ज्यांनी चोर म्हटलं त्यांनी वसंतभाऊंना स्वतः फोन करायचा. तोही बुधवारच्या आत.