करडे मास्तरांची भिंत

करडे मास्तरांच्या चित्रांत माणूस कधी नसायचाच. असायची ती त्याची नुकतीच रिकामी झालेली जागा. एक चौकोन, एक तिरकी रेघ आणि करड्या रंगाच्या दहा तऱ्हा. म्हणून रहाटणीत त्यांना करडे मास्तर म्हणत; खरं आडनाव फक्त वीजबिलावर. माझ्या घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, "मास्तर, यात मानूस कुठं हाय?" मास्तर म्हणाले, "आत्ताच उठून गेला. जागा अजून कोमट आहे." तेव्हापासून बाई त्या चित्राकडे पाठ करून बसायच्या.

आजूबाजूला ज्वारी होती तेव्हा चित्रकलेच्या या शिक्षकानं बंद पडलेल्या वर्कशॉपची शेड विकत घेतली. करवतीच्या दातांसारखं छप्पर, त्यात उत्तरेकडे काचा. कोपऱ्यात संसार, बाकी सगळा स्टुडिओ. "हे घर नव्हे, कारखाना," असं मास्तरांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू, जन्मभर म्हणत राहिल्या आणि तिथेच राहिल्या. उत्तरेचा उजेड सगळीकडे सारखा, त्यामुळे आत सावली जवळजवळ पडतच नसे. मास्तरांना त्याचा कोण अभिमान!

मी समोर भाड्यानं राहायला आले तेव्हा काकू जाऊन वर्ष झालं होतं. मास्तरांनी कॅनव्हास सोडून भिंत धरली होती. काकू चहा घेऊन जिथे उभ्या राहत, तिथे त्यांची सावली रंगवायची, एवढं एकच काम उरलं होतं. पण मोतीबिंदूनं करड्यातला फरक कळेना. मी चाकणला गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये रंगाच्या छटा जुळवते, हे कळल्यावर ते दारात येऊन म्हणाले, "पोरी, तुझे डोळे दे जरा."

मी पत्र्याच्या तुकड्यावर रंग लावून नेला. कंपनीतल्या ट्यूबलाइटखाली तो अचूक होता. भिंतीवर निळसर झाक मारू लागला. मला माझीच लाज वाटली. मास्तर मात्र खूश झाले. "ही चिडलेली आहे. शांत असलेली आण." मग मी रोज त्याच भिंतीसमोर, त्याच उजेडात रंग कालवत बसले. सातवा तुकडा लावला आणि भिंतीवर तो रंग म्हणून दिसेनासाच झाला, नुसती सावली वाटला. मास्तरांनी त्याच रंगानं सावली पुरी केली आणि कपाटातून दुसरा कप काढला.

त्यानंतर एकदा शिफ्टवरून येताना मी आत डोकावले आणि भिंतीवरच्या सावलीला सहज विचारलं, "काकू, मास्तर आहेत का?" विचारलं आणि अंगावर काटा आला. मी काकूंना कधी पाहिलेलंच नव्हतं. आतून मास्तरांचा आवाज आला, "काय म्हणाली?"

गेल्या वर्षी मास्तर गेले. मला ते फार आवडायचे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. त्यांचा मुलगा वाकडला राहतो, सालस माणूस. शेड क्लासेसना भाड्यानं द्यावी म्हणून त्यानं भिंत पांढरी केली. करडा वर आला. परत केली, परत आला. रंगारी ओल म्हणाला. शेवटी त्यानं मला बोलावलं. "ताई, तुम्ही यातल्या. एकदा बघा ना."

मी ओल मोजायचं यंत्र लावलं. भिंत कोरडी ठाक होती. खालचा डाग फुटला तर पिवळट, मळका फुटतो. हा स्वच्छ होता, अगदी माझ्या सातव्या तुकड्याचा, कडा न फाटलेला. असा डाग खालीच दाबून धरणारा सीलर, रंगाआधी द्यायचा थर, मला ठाऊक होता. पण मी खोटं बोलले. म्हटलं, याला उपाय नाही, राहू द्या तसंच.

त्यानं छपराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग पाडूनच टाकतो, ताई. शेजारचे बिल्डर कधीचे मागे लागलेत. बाबांचं छप्पर ठेवायची फार इच्छा होती."

माझ्या शहाणपणानं सगळी वास्तूच जाणार होती. म्हटलं, एक उपाय आहे, पण रंगाचा हात मी स्वतः देईन, आणि त्या दुपारी इथे कुणी नको.

रविवारी डबा उघडला, ब्रश बुडवला. भिंतीपाशी गेल्यावर हात वर होईना. मग आईला न्हाऊ घालताना मी म्हणायचे तसं म्हटलं, "काकू, डोळे मिटा जरा," थोडी थांबले, आणि वरून सुरुवात केली.