क्लाउसना पाठवलेला ईमेल

मंडळी, आज मी भ्याडपणा केलाय. इथेच कबूल करते.

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबची मी सेक्रेटरी. क्लाउस आमचे मॅनेजर. तरुणपणी जर्मनीत प्रोफेशनल खेळले, गुडघा गेला, मग इकडे येऊन बावीस वर्षं आमची टीम सांभाळली.

शनिवारच्या मॅचला ज्याला घेतलं नाही, त्याला शुक्रवारी ते स्वतः फोन करायचे. कारण जर्मनीत त्यांना स्वतःला क्लबमधून काढल्याचं नोटीस बोर्डवर वाचून कळलं होतं.

यंदा आम्ही हरतच गेलो. कमिटीनं त्यांना काढायचं ठरवलं आणि कळवायचं माझ्यावर आलं. सकाळी त्यांचा नंबर काढला, पण धीरच होईना. शेवटी ईमेल पाठवून मोकळी झाले.

दुपारी क्लाउस ग्राउंडच्या किल्ल्या द्यायला दारात उभे. मी सॉरी म्हणायच्या आत म्हणाले, "लिहायला फार वेळ लागला असेल ना तुला?"

चिडले असते तर बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर टीमच्या ग्रुपवर कळलं: माझा ईमेल वाचल्यानंतरही क्लाउसनी उद्याच्या मॅचमधून वगळलेल्या तिघांना स्वतः फोन केले होते.

आता मी त्यांना कुठल्या तोंडानं फोन करू, सांगा?